बुधवारची घरसभा बंद करणाऱ्या पंचांना खुले पत्र

माननीय पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि पास्टरेट कमिटीचे सर्व पंच यांना,

प्रभूच्या नावात सलाम.

गेल्या रविवारी उपासनेनंतरच्या सूचनांत, कबरस्तानाची साफसफाई आणि तरुण संघाची सहल यांच्या मधोमध, तीन ठराव वाचून दाखवले गेले. पहिला: विभागवार होणाऱ्या बुधवारच्या घरसभा येत्या महिन्यापासून बंद, त्यांच्याऐवजी दर गुरुवारी चर्चमध्ये एकच मध्यवर्ती प्रार्थनासभा होईल आणि ती यूट्यूबवर थेट दिसेल. दुसरा: पाळकांची घरभेट हवी असेल त्यांनी तीन दिवस आधी कार्यालयात फॉर्म भरून द्यावा. तिसरा: ज्या सभासदांचे पती किंवा पत्नी ख्रिस्ती नाहीत त्यांची वेगळी यादी केली जाईल, आणि जोडीदाराने शिक्षणवर्ग पूर्ण करेपर्यंत यादीतल्यांनी क्वायर, संडे स्कूल आणि कमिटीची निवडणूक यांपासून दूर राहावे. वाचणाऱ्या पंचांनी दमही न घेता पुढे महिन्यातले वाढदिवस वाचले आणि मंडळीने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाढदिवसांना होत्या, एवढे मिनिट्समध्ये नोंदवून ठेवा.

हेच पत्र कार्यालयात देऊन मी गप्प बसू शकले असते. पण तिथे दिलेल्या पत्रावर शिक्का पडतो, ते फायलीत जाते आणि पुढच्या कमिटीला वारसा म्हणून मिळते. म्हणून उघड लिहिते आहे. मंडळीचे नाव मुद्दाम घालत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेलच. बाकीच्यांनी आपापल्या मंडळीचे नाव घालून वाचले तरी फारसे बिघडणार नाही, असे इतर ठिकाणच्या नातेवाइकांकडून जे कानावर येते त्यावरून वाटते.

मी घोरपडीत राहते. नोकरीभर परिचारिका होते, आता निवृत्त आहे. माहेर नगर जिल्ह्यातले. तुमच्यापैकी दोघातिघा पंचांनी माझ्याकडूनच संडे स्कूलमध्ये सुवर्णवचने पाठ केली आहेत, तेव्हा थोडे अधिकाराने लिहिले तर चालवून घ्या.

माझा विश्वास मला उपदेशातून मिळाला असे मी म्हणू शकत नाही. उपदेश ऐकले, पुष्कळ ऐकले, काही चांगलेही होते. पण माझ्या आजीला अक्षर येत नव्हते आणि तिला तेविसावे स्तोत्र पाठ होते, कारण गावोगाव बायबल शिकवत फिरणारी बायबलबाई तिच्याबरोबर शेंगा फोडायला बसायची आणि एकेक ओळ म्हणून घ्यायची. आजीने ते आईला दिले, आईने मला. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना प्रेषित पौल त्याच्या विश्वासाचा माग असाच काढतो: आधी आजी लोईस, मग आई युनीके. तीमथ्याने कोणता वर्ग कधी पूर्ण केला हे त्याने लिहिलेले नाही.

आता एकेका ठरावाविषयी.

घरसभेबद्दल आधी, कारण माझ्या घरातला एक माणूस तिच्यामुळे परत उभा राहिला. माझे यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कामावरच्या अपघातात हाताची बोटे गेली, आणि मग देवाचे नाव घ्यायचेही त्यांनी सोडले. रविवारी मी मुलीला घेऊन चर्चला जायचे, ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. चर्चला या म्हणून कोणी किती सांगावे? पाळकसाहेब आले, तेव्हाचे, चांगले गृहस्थ होते. त्यांनी बायबलमधल्या, सर्वस्व गमावूनही देवाला न सोडणाऱ्या ईयोबाविषयी सांगितले आणि यजमान आतल्या खोलीत निघून गेले. पण बुधवारची सभा आमच्याकडे असायची तेव्हा आतल्या खोलीत जाऊन तरी किती आत जाणार? घरच दोन खोल्यांचे. रेल्वेत असलेले एक शेजारी सभेच्या अर्धा तास आधी यायचे आणि आत यजमानांच्या खाटेवर बसून क्रिकेटविषयी बोलायचे. प्रार्थनेचा शब्द काढायचे नाहीत. सभा सुरू झाली की उठून बाहेर यायचे. असे कित्येक महिने चालले. एका बुधवारी ढोलकी वाजवणारा मुलगा आला नाही आणि भजनाचा ठेका पार ढेपाळला, तेव्हा यजमान चिडून बाहेर आले, ढोलकी ओढून घेतली आणि उरलेल्या बोटांनी वाजवायला लागले. पुढे वारेपर्यंत सभेची ढोलकी त्यांचीच होती.

मार्कच्या शुभवर्तमानात चौघे जण एका पक्षघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटतात आणि बाज खाली सोडतात. तिथे लिहिले आहे की येशूने 'त्यांचा विश्वास' पाहिला. बाजेवरच्याचा विश्वास होता की नव्हता, कोण जाणे. मी हा अध्याय लहानपणापासून ऐकत होते. तो कळला ढोलकीच्या रात्री. काही वर्षे माणसाचा स्वतःचा विश्वास चालत नाही, तेव्हा दुसऱ्यांचा त्याला उचलून नेतो. त्यासाठी ते दुसरे घरात यावे लागतात, आणि आतल्या खोलीत कोणी पडले आहे हे त्यांना माहीत असावे लागते.

हे गुरुवारच्या मध्यवर्ती सभेत होणार आहे का? रविवारी आपण एकमेकांना "कसे आहात?" विचारतो आणि "प्रभूच्या कृपेने बरे" असे उत्तर देतो, उत्तर देणाऱ्याच्या घरी त्या सकाळी भांडण झालेले असते. बुधवारी, दहा बाय बाराच्या खोलीत, गुडघ्याला गुडघा लावून बसल्यावर, शास्त्रपाठ झाला, दोन भजने झाली की कोणीतरी म्हणते, "विनंत्या सांगा." मग बाहेर येते: चाकणच्या कंपनीतले कंत्राट संपले, पुढच्या महिन्याचे भाडे कसे द्यायचे कळत नाही. मुलगा बोलत नाही. साखर वाढली आहे पण घरी सांगितलेले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांतल्याच कोणाचा डबा येतो, कोणी ओळखीच्या ठेकेदाराला फोन लावतो. चर्चच्या माइकवरून "माझी साखर वाढली आहे" असे कोण म्हणेल, आणि तेही यूट्यूबवर, जिथे गावाकडची सासू बघते आहे?

लॉकडाउनमध्ये ऑनलाइन उपासना छान चालल्या, असे ठरावाच्या कारणांत म्हटले आहे. चालल्या, हे खरे. पण 2020 साली त्या का चालल्या हे मी पाहिले आहे. स्क्रीनवर दिसणारी नावे आम्हाला चेहऱ्यासकट, घरासकट माहीत होती. पडद्यावर एखादे नाव दोन रविवार दिसले नाही की बुधवारवाल्यांपैकी कोणीतरी फोन करायचे. येरवड्यातल्या एका कुटुंबात सगळेच आजारी पडले, तेव्हा त्यांच्या दाराशी किराणा ठेवून येणारे त्यांच्याच घरसभेतले होते. कार्यालयाला ती बातमी नंतर कळली. आधी जोडलेले होते म्हणून ते तारेवरून चालले. जोडणेच बंद केले तर तारेवरून काय पाठवणार आहात?

खजिनदारसाहेबांनी आणखी एक कारण दिल्याचे कळले: घरसभांत प्रार्थनेपेक्षा चहापाण्यात वेळ जातो. साहेब, आपण पुण्यात राहतो. याच शहरात 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर मंडळींसमोर चहा-बिस्किटे ठेवली गेली; त्यावरून एवढे वादळ उठले की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते घ्यावी लागली. सनातन्यांचा राग चुकीचा असेल, पण त्यांची समज पक्की होती. कोणाच्या घरी बसून त्याच्या हातचा चहा घेतला की मधले काहीतरी पडते, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या आजोबा-पणजोबांना गावात कोण पाणी देत नव्हते हे ज्यांनी घरी ऐकले आहे, त्या आपण तरी चहाचा हिशेब असा मांडू नये. प्रेषितांची कृत्ये उघडून पाहा: पहिली मंडळी मंदिरात जमत होती आणि घरोघरी भाकरही मोडत होती. दोन्ही.

एक कारण मात्र तुम्ही सूचनेत लिहिले नाही, तोंडी सांगता, आणि ते खोटे नाही. काही सोसायट्यांत घरसभांवर तक्रारी झाल्या. भजनाचा आवाज ऐकून खाली माणसे जमली, 'धर्मांतर चालले आहे का' म्हणून विचारणा झाली. ही भीती मलाही आहे. संध्याकाळी पेटी काढताना मी खिडकी लावून घेते, आणि खिडकी लावताना मला वाईट वाटते. पण यावर उपाय सभा बंद करणे हा नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी सांगता येते, नऊच्या आत सभा उरकता येते, लाउडस्पीकर तर आपण लावतच नाही. आमच्या मजल्यावरचे शेजारी नाताळात आमच्या करंज्या-चकल्या खातात, दिवाळीत त्यांचे ताट आमच्याकडे येते. तक्रार करायला आलेल्या माणसाला त्या मजल्यावरून काय उत्तर मिळेल याची मला खात्री आहे. जिथे शेजाऱ्याचे नावच माहीत नाही तिथे भीती जास्त आहे.

घरभेटीच्या फॉर्मविषयी फार लिहीत नाही. ज्याला खरी गरज असते तो फॉर्म भरत नाही. मी अतिदक्षता विभागात काम केले आहे, तिथे नातेवाईक रात्री अडीच वाजता विचारतात, "सिस्टर, पाळकांना आता बोलावता येईल का?" पाळकसाहेब, तुमच्यावर कामाचा भार फार आहे हे दिसते. मग वडीलधाऱ्या सभासदांना, महिला मंडळाला भेटींची कामे वाटून द्या. आम्ही करू. पण दाराला फॉर्म लावू नका.

आता तिसरा ठराव. यात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगते. माझी मुलगी यादीत आहे.

तिने 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करून लग्न केले. जावई हडपसरच्या मराठा घरातला. लग्नाला माझी संमती सहज मिळाली नव्हती, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा तुमच्यातल्या काहींनी माझे सांत्वनही केले होते. पुढे काय झाले तेही माहीत असू द्या. यजमानांच्या शेवटच्या आजारात रात्रीची पाळी जावयाने घेतली. मुलीला क्वायरच्या सरावाला तोच स्कूटरवर आणून सोडायचा आणि सराव संपेपर्यंत मागच्या बाकावर बसायचा. नाताळच्या आधी तर त्याला अर्धी गाणी पाठ झाली होती. रविवारी ठराव वाचला गेला आणि त्याच संध्याकाळी माझ्या मुलीला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की पुढची सूचना मिळेपर्यंत सरावाला येऊ नये. फोनही नाही. लहानपणापासून ज्या मंडळीत ती गायली, त्या मंडळीने तिला निरोपाच्या दोन ओळींत बसवले.

तुम्ही करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले, विश्वास न ठेवणाऱ्यांशी 'विजोड होऊ नका' हे वचन दाखवाल. ते मलाही मान्य आहे. लग्नाआधी मुलांना ते सांगावे, मीही सांगितले होते. पण त्याच पौलाने त्याच करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात लिहिले आहे की विश्वास न ठेवणारा जोडीदार संसार करायला राजी असेल तर त्याला सोडू नये, तो जोडीदारामुळे पवित्र झाला आहे, आणि मुलेही पवित्र आहेत. झालेल्या लग्नाला लागू पडते ते हे. आणि ज्या तीमथ्याचे नाव वर घेतले, त्याची आई विश्वासणारी यहूदी आणि बाप ग्रीक होता, असे प्रेषितांच्या कृत्यांत स्पष्ट आहे. आपल्या ठरावाप्रमाणे युनीके यादीत गेली असती. मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिताना परक्या मवाबी लोकांतल्या रूथचे नाव गाळले नाही. पंच असते तर कदाचित गाळले असते.

इंग्रज सरकारने 1872 साली केलेला ख्रिस्ती विवाह कायदासुद्धा वधूवरांपैकी एकच ख्रिस्ती असलेली लग्ने गृहीत धरतो. कायदा दीडशे वर्षांपूर्वी जिथे पोहोचला होता त्याच्या मागे आपण जायचे का?

आणि मराठी मंडळीने तरी हा ठराव करताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण ठेवायची. त्यांचे गीत गायल्याशिवाय आपला एक रविवार जात नाही. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली वर्षे लक्ष्मीबाई ख्रिस्ती नव्हत्या. त्या काळात आपली कमिटी असती तर टिळकांना गाणी लिहायलाही मनाई केली असती काय? लक्ष्मीबाई कोणता वर्ग पूर्ण करून आल्या नाहीत. दुरावा सोसला, परत आल्या, सोवळेओवळे लगेच सुटले नाही, जात देवाने केली की माणसाने याचा निवाडा त्यांनी स्वतःच्या मनाशी केला आणि मग पाऊल टाकले. टिळकांनी वाट पाहिली. पुढे 1917 मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा ठेवली. पंडिता रमाबाईंचेही तसेच. 1890 साली विधवांसाठीचे शारदा सदन पुण्यात आणणाऱ्या या बाईंनी इंग्लंडमधल्या जोगीण सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून धर्मतत्त्वांवर कडाडून वाद घातला, त्यांचे सगळे काही मान्य केले नाही, आणि तरी त्यांना 'आजीबाई' म्हणणे सोडले नाही. मत जुळेपर्यंत नाते थांबवून ठेवायचे, ही रीत आपल्या मोठ्या माणसांची नव्हती.

ठरावातली सगळ्यात वाईट ओळ 'शिक्षणवर्ग पूर्ण करेपर्यंत' ही आहे. आपल्यावर बाहेरून आरोप होतो की आपण आमिष दाखवून माणसे ओढतो. तो आरोप ऐकून आपल्याला चीड येते. आणि इथे आपणच बायकोची क्वायरमधली जागा नवऱ्यासमोर धरतो आहोत: तू वर्गाला ये, मग हिला गाऊ देऊ. माझा जावई उद्या प्रभूकडे आला तर मला आनंदच होईल. असा आलेला मला नको, आणि प्रभूलाही नको असावा.

जाता जाता एक कडू गोष्ट. नात्यांची एवढी काळजी कमिटीला असेल तर सुरुवात कमिटीपासून व्हावी. पंचांमधले दोन गट एकमेकांविरुद्ध धर्मादाय आयुक्तांकडे गेले आहेत. ते एका बाकावर बसत नाहीत, आणि प्रभुभोजनाला मात्र एकाच कठड्याशी गुडघे टेकतात. वेदीपाशी दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले वचन मी संडे स्कूलमध्ये पाठ करून घेत असे. तुम्हा दोघातिघांना ते अजून येत असेल.

मागण्या अशा:

घरसभा बंद करण्याचा ठराव ताबडतोब स्थगित करावा आणि वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. गुरुवारची मध्यवर्ती सभा हवी तर घ्या, आम्ही तिलाही येऊ.

मिश्र विवाहातल्या सभासदांची यादी रद्द करावी, क्वायर आणि संडे स्कूलमधून थांबवलेल्या सर्वांना परत बोलवावे. निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर न पाठवता पाळकसाहेबांनी आणि एका पंचाने घरी जाऊन द्यावा.

घरभेटीचा फॉर्म काढून टाकावा, आणि आजारी व वृद्ध सभासदांच्या भेटींसाठी विभागवार स्वयंसेवक नेमावेत. माझे नाव घोरपडीसाठी लिहून घ्या.

सोसायट्यांमध्ये अडचण आली तर घरसभा घेणाऱ्या कुटुंबामागे कमिटी उभी राहील, असे लेखी द्यावे.

दोन्ही गटांनी आपसातला वाद मिटवण्यासाठी पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वी एकत्र बसावे. कुठे बसायचे हा प्रश्न असेल तर माझी बाहेरची खोली आहे.

पौलाने रोमकरांना पत्र लिहिले तेव्हा तो अजून रोमला गेलाही नव्हता. पंधरा अध्यायांत गहन विचार मांडून झाल्यावर सोळाव्यात तो नुसते सलाम सांगत बसतो. पंचवीसहून अधिक माणसांची नावे घेतो. प्रिस्का आणि अक्विला, ज्यांच्या घरी मंडळी जमते. रूफ आणि त्याची आई, जी पौलालाही आईसारखी झाली होती. कमिटीच्या एकाही बैठकीत सोळावा अध्याय वाचलेला मला आठवत नाही. पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला तो वाचावा, ही विनंती समजा.

या पत्राची प्रत कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. उत्तर लेखी हवे, आणि ते रविवारच्या सूचनांत, वाढदिवसांच्या आधी, वाचले जावे. तोपर्यंत घोरपडी विभागाची बुधवारची सभा साडेसात वाजता आमच्याकडे नेहमीप्रमाणे भरेल. जावई येणार आहे, मुलगी गाणार आहे. हे ठरावाचे उल्लंघन होत असेल तर तुमच्या यादीत माझेही नाव घाला.

आपली,
घोरपडी विभागातील एक सभासद